किती वाजेपर्यंत थांबायचं?

इंटरनेटवर काही पानं अशी असतात की ती कुणी लिहिलेली नसतात. दोन विमानतळांची नावं टाकायची, की मधलं अंतर आणि विमानाने लागणारा वेळ समोर येतो. लातूर आणि धाराशिव टाकून बघा. सरळ रेषेत पंचेचाळीसेक किलोमीटर, आणि विमानाचा वेळ साधारण ३४ मिनिटं. आता लातूरच्या धावपट्टीवर नियमित प्रवासी विमान उतरत नाही, धाराशिवच्या तर नाहीच नाही. या दोन गावांमध्ये तिकीट काढून विमानाने जायची सोय नाही. तरी उत्तर येतं. तेही ‘अर्धा तास’ असं मोघम नव्हे, ३४ मिनिटं.

हे उत्तर कसं तयार होतं ते सांगतो. प्रत्येक विमानतळाचे अक्षांश-रेखांश ठाऊक असतात. पृथ्वी हा ६३७१ किलोमीटर त्रिज्येचा गोल आहे असं धरायचं आणि त्या गोलावरून दोन बिंदूंमधली सगळ्यात जवळची वाट काढायची. या सूत्राला हॅवर्साइन म्हणतात, कोडच्या दहाएक ओळींत लिहून होतं. मग त्या अंतराला ताशी आठशे किलोमीटरने भागायचं, कारण मोठं जेट साधारण त्या वेगाने जातं. शेवटी उड्डाण आणि उतरणं यांच्यासाठी सरसकट अर्धा तास मिळवायचा. झालं. म्हणजे लातूर-धाराशिवच्या ३४ मिनिटांतली तीस मिनिटं हा वरून टाकलेला अर्धा तासच आहे, प्रवास जेमतेम चार मिनिटांचा. दहा हजार विमानतळांची यादी घेतली तर तिच्यातून जवळपास पाच कोटी जोड्या निघतात आणि यंत्र एका रात्रीत पाच कोटी उत्तरं लिहून ठेवतं. कुणी विचारो न विचारो.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे या पानांचा मला राग येत नाही. गणित बरोबर आहे. फक्त त्यातला ‘जर’ गळून पडलाय. ‘जर विमान असतं, जर ते जेट असतं, जर तुम्ही दोन्हीकडे धावपट्टीवरच राहत असता’ एवढं सगळं वाक्य खाऊन टाकल्यावर जे उरतं, ते ३४ मिनिटं. खोटं म्हणता येत नाही आणि वापरताही येत नाही, असा हा आकडा. बरेच दिवस मला वाटायचं की असल्या आकड्याने कुणाचं काय बिघडतं? उत्तर मला मुंबईत मिळालं नाही, गावात मिळालं.

गाव म्हणजे लोहारा. धाराशिव जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण. गावाला रेल्वे नाही. सोलापूर-हैदराबाद महामार्ग आमच्या दक्षिणेकडून नळदुर्ग, जळकोट, येणेगूर, उमरगा असा निघून जातो. पण विमानतळ म्हणाल तर आमच्या भोवती रिंगण धरलंय त्यांनी. लातूर, धाराशिव, सोलापूर, कलबुर्गी, बीदर, नांदेड. नकाशावर पट्टी ठेवली तर सगळे पावणेदोनशे किलोमीटरच्या आत. यातले लातूर, धाराशिव आणि नांदेड हे तीन, बारामती आणि यवतमाळसकट, २००९ मध्ये एका खासगी कंपनीला ९५ वर्षांच्या भाडेकराराने दिले गेले होते. ९५ वर्षं! आमच्याकडे भावाभावांत विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरतात तेव्हा कुणी पुढच्या उन्हाळ्यापलीकडचं बोलत नाही.

सोलापूरचं मात्र खरंच सुरू झालं. २०२५ च्या जूनमध्ये गोव्याचं विमान, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईचं. त्या यंत्राच्या हिशोबाने मुंबई-सोलापूर ३६० किलोमीटर, ५७ मिनिटं. माझा हिशोब असा: ऐरोलीतून मुंबईचं विमानतळ एक तास, तिथे दीड तास आधी, विमान एक तास, बाहेर पडेपर्यंत वीस मिनिटं, आणि सोलापुरातून लोहाऱ्याला रस्त्याने ऐंशीच्या आसपास किलोमीटर म्हणजे दोन तास. सहा तास होतात. तरी रेल्वेपेक्षा दोन-तीन तास वाचतात, नाही म्हणू नये. वाचतात, पण ज्या दिवशी आणि ज्या वेळेला विमान असेल तेव्हा. फोन काही वेळापत्रक बघून येत नाही.

कसला फोन, हे बाहेरगावी राहणाऱ्या माणसाला सांगायची गरज नाही.

आमच्याकडे अंत्यविधीला ‘माती’ म्हणतात. पुरणार असोत की जाळणार असोत, शब्द मातीच. ‘मातीला गेलो होतो’, ‘माती किती वाजता हाय?’ हा दुसरा प्रश्न तर कुणी गेल्याचं कळल्यावर पहिल्या पाच मिनिटांत विचारला जातो, आणि त्याचं उत्तर घड्याळ देत नाही. कोण कुठून यायचं आहे यावर ते ठरतं. लेक अक्कलकोटला दिलीय, ती निघालीय. धाकटा पुण्यात आहे, त्याला गाडी मिळालीय. थोरला भाऊ तुळजापुरात, तो तर तासाभरात येईल. भावकीतली दोन-तीन शहाणी माणसं ओट्यावर बसून ही बेरीज करतात. सगळ्यात लांबच्या माणसाला लागणारा वेळ, आणि सगळ्यांना थांबता येईल असा वेळ, या दोहोंत कुठेतरी माती ठरते.

दोन वर्षांपूर्वी आमचे एक चुलत आजोबा गेले. गावात सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. पहाटे पाचच्या सुमाराला गेले. त्यांचा एकुलता एक मुलगा, माझा चुलत काका, मस्कतला गाडी चालवतो. मी तेव्हा सुट्टीवर गावी होतो आणि ‘कंप्युटरवाला’ असल्यामुळे ओट्यावर मला बोलावण्यात आलं. प्रश्न साधा होता: त्याला यायला किती वेळ लागंल?

फोनने ताबडतोब सांगितलं की मस्कत ते हैदराबाद विमानाने सव्वातीन तास. ओट्यावर बसलेल्या एकाने ते वाचलंही. ‘सव्वातीन तास! मग दुपारी येतंय की पोरगं.’ त्या क्षणी मला कळलं की गळून पडलेल्या ‘जर’ने कुणाचं काय बिघडतं. पन्नास-साठ माणसं उन्हात बसलेली, बायका आत रडून थकलेल्या, लहान पोरांनी सकाळपासून काही खाल्लेलं नाही (माती होईपर्यंत चूल पेटत नाही), आणि ही सगळी माणसं किती वेळ बसणार ते त्या आकड्यावर ठरणार होतं.

काकाला मी फोन केला. त्याचा पासपोर्ट त्याच्याजवळ नव्हता. मालकाकडे, कपाटात होता. मालकाचा माणूस नऊला येणार, तो सही घेणार, मग तिकीट. म्हणजे मस्कत आणि लोहारा यांच्यामधलं खरं अंतर समुद्र आणि दोनेक हजार किलोमीटर एवढंच नव्हतं, त्यात एक कपाटही होतं आणि त्याच्या किल्लीचा वेग ताशी किती हे कुठल्याच सूत्रात नव्हतं. पुढे हैदराबादच्या विमानतळापासून रस्ता पाच तासांचा. मी ओट्यावर येऊन सांगितलं की सगळं जमून आलं तर रात्री दहा, नाही जमलं तर उद्या सकाळी नऊ-दहा.

भावकीतले थोरले, सत्तरीचे, शांतपणे म्हणाले, ‘आकडा एक सांग बाबा. दोन आकड्यावर माणसं बसत न्हाईत.’

आमच्या धंद्यात हे वाक्य रोज ऐकू येतं, जरा वेगळ्या कपड्यांत. काम कधी संपेल असं वरचा माणूस विचारतो. तुम्ही म्हणता, तीन ते आठ दिवस. तो लिहून घेतो, तीन. अंदाज देणारा अंदाज देत असतो आणि ऐकणारा वचन घेत असतो. ऑफिसात याचा परिणाम फार तर एखादा शुक्रवार वाया जाण्यात होतो. ओट्यावर मात्र मला जाणवलं की त्या म्हाताऱ्याचं म्हणणं अडाणीपणाचं नाही. शक्यतांची यादी ही निर्णय न घेणाऱ्याची चैन असते. ज्याला पन्नास माणसांना ‘बसा’ किंवा ‘उठा’ सांगायचंय, त्याला एकच आकडा लागतो. मग तो एक आकडा कुठला सांगायचा?

रात्री दहा सांगितलं तर लोक थांबतील, बर्फ मागवतील, तालुक्यातून शवपेटी आणायची खटपट होईल, आणि बहुधा दहाचे सकाळचे नऊ होतील. सकाळचे नऊ सांगितलं तर थांबणार नाहीत, आणि मुलगा कदाचित रात्री दहालाच दारात उभा राहील. पहिल्यात पन्नास माणसांची एक रात्र पणाला आहे, दुसऱ्यात एका माणसाचं उरलेलं आयुष्य. यांची बेरीज-वजाबाकी होते का? उपयुक्ततावादी म्हणेल, होते. मला ती करता आली नाही. मी सकाळचे नऊ सांगितले, कारण तेच जास्त संभवनीय होतं आणि कारण आशेचा आकडा सांगायचा अधिकार माझा नाही असं मला वाटलं. तो असलाच तर घरच्या माणसाचा.

आणि तो तिने वापरला. आजी, आप्पांची बायको, आतून म्हणाल्या, ‘त्याला म्हणावं सावकाश ये. तितं धावपळ करून काय व्हायचं न्हाई. आम्ही उरकतो.’ सूर्य मावळायच्या आत माती झाली. काकाने ती व्हिडिओ कॉलवर बघितली. मीच फोन धरला होता. चित्र अडखळत होतं, एक-दीड सेकंद मागे चालत होतं, पण पोहोचत होतं. चेहरा पोहोचला, रडणं पोहोचलं, गुरुजी काय म्हणाले तेही पोहोचलं. खांदा पोहोचला नाही. काका तिसऱ्या दिवशी सावडायला आला. पहिल्यांदा आईपाशी बसला, मग त्या थोरल्यांच्या पाया पडला. कुणी कुणाला काही विचारलं नाही.

यावर नंतर मी बराच विचार केला, कारण अंतर आणि कर्तव्य यांच्यावर तत्त्वज्ञानात एक प्रसिद्ध भांडण आहे. पीटर सिंगर हा ऑस्ट्रेलियन विचारवंत. १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित भारतात आले, त्या सुमाराला त्याने एक निबंध लिहिला, तो १९७२ मध्ये छापून आला. त्याचा मुद्दा थोडक्यात असा: उथळ डबक्यात एखादं मूल बुडत असेल तर कपडे भिजतील म्हणून तुम्ही बाजूला उभे राहत नाही. मग हजारो मैलांवर मूल मरत असेल आणि तुमच्या पैशाने वाचणार असेल, तर अंतराने काय फरक पडतो? नैतिकदृष्ट्या काहीच नाही, असं तो म्हणतो.

आमच्या भागाला सिंगरचं म्हणणं खोटं वाटणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना भूकंप झाला. किल्लारीचं नाव जगाने ऐकलं, पण आमच्या तालुक्यातलं सास्तूरही त्याच पहाटे पडलं. हजारो माणसं गेली. त्यानंतर जी मदत आली ती देशातून आली, परदेशांतून आली. ज्यांनी पैसे दिले त्यांतल्या बहुतेकांना सास्तूर हा शब्द उच्चारताही आला नसता. पुढे ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. अंतराने खरंच फरक पडला नव्हता. पैसा अंतर मानत नाही. आज तर तो फोनच्या एका टिचकीत जातो.

पण सिंगरने ज्या कर्तव्याबद्दल लिहिलं ते देण्याचं आहे. असण्याचं नाही. काका मस्कतहून सगळा खर्च पाठवू शकत होता आणि त्याने पाठवलाही, विधी संपायच्या आत. त्याने कुणाचंच समाधान झालं नाही, त्याचं तर नाहीच. काही कर्तव्यं अशी आहेत की ज्यांच्यात अंतर हाच मुद्दा असतो. खांदा द्यायचा, तोंड बघायचं, बाळंतिणीच्या उशाशी बसायचं, ऑपरेशनच्या वेळी बाहेरच्या बाकड्यावर थांबायचं. यातलं काहीही दुसऱ्याच्या हातून होत नाही आणि पैशानेही होत नाही. इथे शरीर न्यावं लागतं. आणि शरीराला किलोमीटर लागतात.

कान्टच्या नावाने सांगितलं जाणारं एक सूत्र आहे: ‘केलं पाहिजे’ म्हणायचं तर आधी ‘करता येतं’ असायला हवं. जे शक्यच नाही ते न केल्याचा दोष लागत नाही. हे मान्य केलं की एक विचित्र गोष्ट होते. शक्य काय आहे हे नवीन रस्ता, नवीन गाडी, नवीन विमान बदलत राहतं. म्हणजे विमान सुरू करणारी कंपनी नकळत दोषांची हद्दही सरकवत असते.

सेंट हेलेनाचं बघा. नेपोलियनला जिथे नेऊन ठेवलं आणि जिथे तो १८२१ मध्ये मेला, ते बेट. निवडलंच होतं लांब आहे म्हणून. तिथे २०१७ पर्यंत नियमित विमान नव्हतं. केप टाउनहून बोट निघायची आणि पाचेक दिवसांनी पोहोचायची, तीही महिन्यातून एखाददुसरी. विमानतळ बांधून झालं तरी वाऱ्याच्या झोतांमुळे मोठं विमान उतरवणं धोक्याचं निघालं आणि वर्षभराहून जास्त काळ ते तसंच पडून राहिलं. लंडनच्या वर्तमानपत्रांनी त्याची यथेच्छ थट्टा केली. शेवटी ऑक्टोबर २०१७ मध्ये जोहान्सबर्गहून पहिलं नियमित विमान आलं. बेटावरचे कितीतरी लोक ब्रिटनमध्ये, फॉकलंडमध्ये कामाला असतात. बोटीच्या काळात त्यांच्यापैकी कुणी आईच्या मातीला पोहोचलं नाही तर त्याला कोण बोल लावणार? पाच दिवस समुद्र होता मधे. आता विमान आहे, आणि विमान आहे म्हटल्यावर न येण्याला कारण द्यावं लागतं.

मला यात सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट ही की कारण बदलतं. ‘लांब आहे’ हे कारण इज्जतीचं होतं. ते भूगोलाचं होतं, कुणाचं नव्हतं. ज्याच्याकडे पैसे होते तोही लांब होता आणि ज्याच्याकडे नव्हते तोही तितकाच लांब. शिडीची बोट काय किंवा मुंबईहून रात्रभर येणारी एसटी काय, ती दोघांना एकाच वेळी उतरवायची. मधे विमान आलं की त्याच अंतराचे दोन तुकडे होतात. एक सहा तासांचा, एक बारा तासांचा. ज्याला परवडत नाही त्याला आता ‘लांब आहे’ म्हणता येत नाही. त्याला म्हणावं लागतं की परवडत नाही. आणि ते चार माणसांत, त्या ओट्यावर, म्हणावं लागतं. भिवंडीत यंत्रमागावर काम करणाऱ्या माझ्या एका मित्राने हे मला फार सरळ सांगितलं: ‘आधी मी उशिरा पोचलो तर लोक म्हणायचे, बिचारा इतक्या लांबून आला. आता म्हणतात, इमानानं का न्हाई आलास.’ त्याने आजवर विमानात पाय ठेवलेला नाही. पण सोलापूरच्या विमानाने त्याला गाठलंय.

म्हणून विमान नकोच, असं मी म्हणणार नाही. जवळ येण्याला विरोध करणं हे बहुधा आधीच जवळ असलेल्यांना परवडतं. पण जवळ येण्याची किंमत कुणी मोजली हे तरी विचारावं. सोलापुरात ती डोळ्यांना दिसेल अशी मोजली गेली. विमानाच्या वाटेत सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी होती, नव्वद मीटरच्या आसपास उंच. चिमणी पाडा म्हणणाऱ्यांचं आंदोलन, पाडू नका म्हणणाऱ्यांचं आंदोलन, कोर्टकचेऱ्या, असं वर्षानुवर्षं चाललं. १५ जून २०२३ ला मोठ्या पोलीस बंदोबस्तात स्फोटकांनी ती पाडली. त्या पडण्याचा व्हिडिओ तुम्ही बघितला असेल, आमच्या गावात तर लग्नाच्या व्हिडिओसारखा फिरला. चिमणी नियमात होती की नाही हा कायद्याचा प्रश्न, त्यात मी पडत नाही. पण ऊस घालणाऱ्या सभासदाच्या बाजूने बघितलं तर त्याची चिमणी पडली आणि त्याच्या डोक्यावरून जे विमान जायला लागलं, त्यात तो स्वतः क्वचितच बसणार. मुंबईत राहणारा मी बसणार. माझे तीन तास वाचले, त्यातले काही त्याच्या खात्यातून आले. मला ते तास नकोत असंही नाही. फक्त ते फुकटचे आहेत असं कुणी मला सांगू नये.

याच्या उलट टोकाला स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांत एक विमान आहे. वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन छोट्या बेटांमधलं. अंतर पावणेतीन किलोमीटर, वेळापत्रकात दोन मिनिटं, आणि वारा पाठीशी असला तर एका मिनिटाच्या आतही पोहोचलंय. १९६७ पासून चालू आहे. जगातला सगळ्यात छोटा नियमित विमानप्रवास म्हणून लोक गंमत म्हणून बसायला जातात. आपल्या यंत्राला विचाराल तर ते पावणेतीन किलोमीटरला तीस मिनिटं सांगेल, त्या सरसकटच्या अर्ध्या तासामुळे. पण त्या विमानाने शिक्षक जातात, डॉक्टर जातात, आजारी माणूस दवाखान्यात जातो. तिथे कुणीतरी बसून हिशोब केला की या बेटावर वाट बघणारा कोण आहे, आणि मग विमान ठेवलं. आमच्याकडे आधी धावपट्टी होते, मग ९५ वर्षांचा करार होतो, मग विमान कुणासाठी हे शोधलं जातं. उमरग्याहून लोहाऱ्याला रात्री नऊनंतर यायचं झालं तर खासगी जीपवाल्याच्या मर्जीवर यावं लागतं. तो शेवटचा पंचवीस-तीस किलोमीटरचा तुकडा कुठल्याच उद्घाटनात नसतो. मस्कतहून येणाऱ्याला मात्र तोही पार करावा लागतो, आणि बहुतेक वेळा रात्रीच.

या सगळ्याचं मी एक केलं. कोड लिहिला नाही, साधा तक्ता केला. ऐरोली ते लोहारा. डाव्या बाजूला फोन येण्याची वेळ, तासातासाने चोवीस ओळी. पुढे कशाने निघायचं: सिद्धेश्वर एक्स्प्रेस, वंदे भारत, विमान असलेल्या दिवशी विमान, नाहीतर भाड्याची गाडी. शेवटच्या रकान्यात दारात पोहोचायची वेळ, चपला काढायची. सगळ्यात वाईट ओळ रात्री अकराची आहे. रात्रीची गाडी नुकतीच गेलेली असते आणि सकाळची सुटायची असते. त्या ओळीत एकच आकडा लिहिलाय, दोन नाहीत.

दिवाळीत तो तक्ता मी आईला दाखवला. आपल्याला असलं काही बोलता येत नाही घरात, म्हणून ‘हे बघ, मला यायला किती वेळ लागतो ते काढलंय’ एवढंच म्हणालो. आईचं शिक्षण सातवी, पण बस चुकली तर पुढची कोणती हे तिच्याइतकं तालुक्यात कुणाला ठाऊक नाही. तिने चष्मा लावला आणि एकेका ओळीवरून बोट फिरवत सगळं वाचलं. कशासाठी काढलंय हे तिला पहिल्याच ओळीत कळलं असणार.

‘दिवस मावळायच्या आत बसत असंल तर थांबा म्हणीन,’ ती म्हणाली. ‘न्हाईतर थांबू नका म्हणून सांगून ठिवते. लोकांची पोरं उपाशी बसत्यात.’

मी काही बोललो नाही. ती पुन्हा तक्त्याकडे वळली.

‘पावसाळ्याचं येगळं धरलंस का? नळदुर्गाच्या पुढं रस्ता कसा हाय म्हाईत हाय न्हवं.’

‘धरलंय. पाऊण तास जास्त.’

‘आन् गाडीवाला चहाला थांबतो ते?’

‘अर्धा तास धरलाय.’

‘इतका कशाला,’ आई म्हणाली, ‘पंधरा मिंटात हुतोय चहा.’